वंशावळीत लेकीचे नाव आहे ना?

घरातला कर्ता माणूस गेला की तेरावे होईपर्यंत जमिनीचा विषय कोणी काढत नाही, आणि ते योग्यच आहे. पण तेराव्यानंतरही तो विषय निघत नाही. वर्षश्राद्ध होते, मुले पेरणी करतात, पीक घरात येते आणि उताऱ्यावर मात्र गेलेल्या माणसाचेच नाव राहते. मग एक दिवस सोसायटीचे कर्ज, धानाची सरकारी खरेदी, पीएम-किसानचा हप्ता किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला असे काहीतरी निमित्त होते आणि सगळे घर तलाठ्याकडे धावते. तिथे घाईघाईत वारसांची यादी लिहून दिली जाते. त्या यादीतून सगळ्यांत आधी गळते ते लांब दिलेल्या लेकीचे नाव.

या कामाला आपल्याकडे ‘पौती खाते’ करणे म्हणतात. जुन्या मराठी दफ्तरांत ‘अमुक इसम फौत’ असा शेरा असे. मध्य प्रदेशात आजही याच कामाला ‘फौती नामांतरण’ म्हणतात. तिन्ही शब्दांचे मूळ एकच, अरबी ‘फौत’, म्हणजे मरण. शब्द एक, काम एक, पण राज्य बदलले की दफ्तर बदलते. दोन राज्यांत सोयरीक असलेल्या घरांना याचा त्रास काय होतो हे आपण अनुभवतो. तो समजून घ्यायला आपल्यासारखाच दुसरा एक सीमाभाग पाहू. तो म्हणजे मध्य प्रदेशातला बालाघाट जिल्हा.

दुसरी एक सीमा

सीमा म्हटली की आपल्याला बेळगाव, निपाणी, खानापूर आठवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी आणखी एक रेषा ओढली गेली. तोवर नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. नागपूर, भंडारा, वर्धा, चांदा आणि वऱ्हाडचे जिल्हे मुंबई राज्यात आले. बालाघाट, छिंदवाडा आणि बैतूल मध्य प्रदेशातच राहिले.

बालाघाट जिल्हा १८६७ साली तयार झाला तो भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून. त्यामुळे लांजी, किरनापूर, वारासिवनी, कटंगी या भागांतल्या घरांची नाती आमगाव, गोंदिया, तिरोडा, तुमसरकडे पूर्वीपासूनच होती. घरात पोवारी किंवा मराठी, कचेरीत हिंदी, असा तिथला व्यवहार. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा जिल्हा झाला, पण सोयरीक तशीच चालू राहिली. आजोबांची शेती बाघ नदीच्या अलीकडे, आजीला माहेरून आलेला तुकडा पलीकडे, अशी घरे तिथे असणे अगदी स्वाभाविक आहे. चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

या दोन्ही काठांवर एकेकाळी मालगुजारी होती. ती १९५१ साली संपली. पुढे मध्य प्रदेशात १९५९ ची भू-राजस्व संहिता आली. विदर्भात राज्य बदलूनही जुना मध्य प्रदेशचा १९५४ चा महसूल कायदाच चालू राहिला, तो थेट १५ ऑगस्ट १९६७ पर्यंत. त्या दिवसापासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. एकाच घराचे कागद दोन पद्धतींचे झाले ते असे.

१९५६ चाच दुसरा कायदा

पण १९५६ सालाने आणखी एक गोष्ट केली. १७ जून १९५६ रोजी हिंदू उत्तराधिकार कायदा अमलात आला. पुनर्रचनेच्या कायद्याने गावे वेगळ्या राज्यांत टाकली, तर या कायद्याने वारस कोण याचे उत्तर सगळ्या राज्यांसाठी एक केले. तो हिंदूंबरोबरच वीरशैव-लिंगायत, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे वारसा कायदे वेगळे आहेत.

एक उदाहरण घेऊ. समजा, लांजी तालुक्यातला एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. स्वकमाईतून घेतलेली ५ एकर जमीन त्याच्या नावावर आहे. मागे म्हातारी आई, पत्नी, दोन मुलगे आणि आमगावला दिलेली एक मुलगी. वारस किती? बहुतेक घरांत उत्तर येईल, ‘दोघे भाऊ, आणि आईचे नाव लावायचे.’ कायद्याचे उत्तर आहे पाच. गेलेल्या माणसाची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. पत्नी, आई, दोन मुलगे आणि मुलगी यांचा वाटा सारखा, प्रत्येकी एक एकर. एखादा मुलगा किंवा मुलगी बापाआधीच वारली असेल तर त्यांची मुले त्यांच्या जागी येतात.

मुलींना हक्क २००५ साली मिळाला, असे सर्रास बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलगा जन्मतःच सहहिस्सेदार होई, मुलगी होत नसे. फरक होता तो हा. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली तो काही प्रमाणात काढला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. मध्य प्रदेशाने अशी दुरुस्ती केलीच नाही. म्हणजे १९९४ ते २००५ या काळात बाघ नदीच्या एका काठावरच्या अविवाहित मुलीला जो हक्क होता, तो दुसऱ्या काठावरच्या मुलीला नव्हता. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क मुलीला जन्माने आहे. २००५ साली बाप हयात असलाच पाहिजे अशी अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या मात्र मोडत नाहीत. ‘आमची तोंडी वाटणी आधीच झाली होती’ एवढे म्हणून आता सहसा भागत नाही.

तीन दफ्तरे

वारस कोण ते कायद्याने ठरले. ते कागदावर कुठे आणि कसे उतरवायचे हे मात्र जमीन ज्या राज्यात आहे ते राज्य ठरवते. माणूस कुठे राहत होता, कुठे वारला, याने फरक पडत नाही.

बालाघाटात जमिनीचा धनी ‘भूमिस्वामी’. त्याची नोंद खसरा आणि बी-१ मध्ये असते, आणि शेतकऱ्याच्या हाती भू-अधिकार व ऋण पुस्तिका असते. हक्क मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कळवायचा असतो. अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागते. तिला तिथे ‘सजरा खानदान’ म्हणतात. सजरा म्हणजे झाड, आपला वंशवृक्षच. पटवारी अहवाल देतो, इश्तहार निघतो आणि तहसीलदार आदेश करतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर वाद नसलेले प्रकरण ३० दिवसांत आणि वाद असलेले पाच महिन्यांत निकाली काढायचे बंधन आहे.

गोंदियात तेच काम ‘वारस नोंद’. मुदत तीन महिने. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, चौकशी करून वारसांची नावे गाव नमुना ६-क मध्ये लिहितात, मग ६ नंबरला फेरफार धरतात. संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात आणि मंडळ अधिकाऱ्याने फेरफार मंजूर केला की सातबारा बदलतो. ई-हक्क प्रणालीवरून हा अर्ज घरबसल्याही करता येतो. मेलेल्या खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी महाराष्ट्राने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ ही मोहीमच घेतली.

कर्नाटकातली वाट आपल्या ओळखीची आहे. मुदत तीन महिने, नाडकचेरीतून वंशवृक्ष, ग्राम आडळित अधिकाऱ्यांची चौकशी, हरकतींसाठी नोटीस आणि मग पहणीत, म्हणजे आपल्या उताऱ्यात, नाव. २००० साली ‘भूमी’ योजना आली तेव्हापासून हाताने लिहिलेल्या उताऱ्यांची जागा संगणकाच्या उताऱ्याने घेतली.

मुदत टळली म्हणून वारसा हक्क बुडत नाही. वारसाने नाव लावायला नोंदणीकृत दस्त लागत नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. नोटीस मात्र वारसाच्या खऱ्या पत्त्यावर गेली पाहिजे. सासरी असलेल्या बहिणीचा पत्ता माहेरचाच लिहिला, तर नोटीस भावाच्याच हातात पडते आणि ‘हरकत नाही’ असा अर्थ होतो.

आता पुन्हा लांजीच्या त्या घराकडे येऊ. त्याच शेतकऱ्याची बाघ नदीपलीकडे आमगावकडेही दोन एकर जमीन आहे असे धरा. बालाघाटच्या तहसीलदाराचा आदेश गोंदियाच्या सातबाऱ्यावर चालत नाही. दोन अर्ज, दोन चौकश्या. मृत्यूचा दाखला एकच, पण वंशावळी दोन. बालाघाटात तीन नावे दिली आणि आमगावला जावई हजर होता म्हणून पाच दिली, तरी ही तफावत लगेच कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन राज्यांची दफ्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. ती लक्षात येते वीस वर्षांनी, जमीन विकायला काढल्यावर, घेणाऱ्याच्या वकिलाच्या टेबलावर. तोवर एका पिढीची माणसे गेलेली असतात आणि एका सहीचे काम आठ-दहा भाचरांच्या सह्यांवर आलेले असते.

कोणता कागद कशासाठी

यात सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘वारसा प्रमाणपत्र’ या शब्दाचा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली न्यायालय जे ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ देते ते बँकेतल्या ठेवी, शेअर, येणे कर्ज यांसाठी असते. शेतजमिनीचे नामांतर त्याने होत नाही. अनेक घरे त्यासाठी कोर्टाच्या खेपा घालतात, पैसा खर्च करतात आणि महसूल कचेरीत आल्यावर कळते की मृत्यूचा दाखला आणि वंशावळ पुरेशी होती.

मृत्यूचा दाखलाच नसेल तर? पूर्वी खेड्यांत मृत्यूची नोंद करण्याकडे दुर्लक्ष व्हायचे. मृत्यूला एक वर्ष उलटून गेले असेल तर नोंदीसाठी आदेश लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आहे.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. ते नोंदवणे सक्तीचे नाही. पण त्यावरून वाद निघाला तर पटवारी किंवा तलाठी ते खरे की खोटे हे ठरवू शकत नाही. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या जितेंद्र सिंह खटल्यात ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. महसुली नोंद ही शेतसारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते. तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. वाद असेल तर दिवाणी न्यायालय.

हे वाक्य दोन्ही बाजूंनी वाचायला हवे. बहिणीचे नाव लागले नाही म्हणून तिचा हक्क गेला, असे भावाने समजू नये. आणि हक्क शाबूत आहे म्हणून बहिणीनेही निवांत राहू नये, कारण मोबदला, पीककर्ज, खरेदी-विक्री हे सारे व्यवहार उताऱ्यावर ज्याचे नाव त्याच्याशी होतात. हक्क बुडत नाही हे खरे, पण तो पुन्हा सिद्ध करायला वकील, तारखा आणि वर्षे लागतात. पीएम-किसानचेच पाहा. त्यासाठी १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असण्याची अट होती; त्यानंतर वारसाने आलेल्या जमिनीला सूट आहे. पण ती सूट मिळायलाही आधी नोंद व्हावी लागते.

नाव गळते कसे

नाव नेहमी वाईट हेतूनेच गाळले जाते असे नाही. जुन्या सातबाऱ्यांवर ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव असे. बाकीचे भाऊ आहेत हे गावाला माहीत होते. तो गाव आता राहिला नाही, आणि नातवंडांना थोरल्या आजोबांचीच सगळी जमीन होती असे वाटते.

दुसरे कारण नावांचे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरच्या आधार कार्डावर दुसरे. कन्नड कागदात ‘गंगव्वा कोम अमुक’, मराठीत ‘गंगाबाई’. बालाघाटच्या हिंदी कागदात ‘वल्द’, ‘बेवा’ असे शब्द आणि ‘ळ’चा ‘ल’ झालेला, म्हणजे काळ्यांचे काले. तीन कागदांवर तीन माणसे दिसतात. अशा वेळी शाळा सोडल्याचा दाखला, लग्नाचा दाखला आणि ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र जोडावे. हे काम तिच्या हयातीत दोन दिवसांचे आहे.

तिसरे कारण मात्र भीतीचे. ‘बहिणीचे नाव लावले तर उद्या दाजी वाटा मागेल.’ म्हणून वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तिचे अस्तित्वच पुसले जाते. इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, प्रतिज्ञापत्रावर जाणूनबुजून खोटे लिहिणे हा गुन्हा आहे आणि पुढे कधी प्रकरण कोर्टात गेले तर तोच कागद भावाच्या विरोधात उभा राहतो. दोन, बहिणीला वाटा नको असेल तर त्यासाठी सरळ मार्ग आहे. आधी तिचे नाव वारस म्हणून लावायचे, मग तिने राजीखुशीने हक्कसोड पत्र करून ते नोंदवायचे. मध्य प्रदेशात त्याला ‘हक त्याग’ म्हणतात, कर्नाटकात ‘हक्कु बिडुगडे पत्र’. राखीला किंवा नागपंचमीला आली तेव्हा कोऱ्या स्टॅम्पवर घेतलेली सही म्हणजे हक्कसोड नव्हे.

पुष्कळ बहिणींना जमीन नकोच असते. माहेर म्हणा की तवरुमने म्हणा, ते तुटू नये एवढेच त्यांना हवे असते. पण न मागणे वेगळे आणि न विचारणे वेगळे. ज्या घरात तिला विचारून हक्कसोड झाली तिथे दिवाळीला जाणे-येणे राहते. तिला न विचारता नाव गाळले गेले की तिला ते कळते कुठल्यातरी भाच्याकडून, आणि मग एकरांपेक्षा ते न विचारणेच जास्त बोचते.

आणखी दोन नावे अशीच गळतात. दुसऱ्या, कायद्याने मान्य नसलेल्या लग्नाची मुले हे पहिले. कर्नाटकातून गेलेल्या रेवणसिद्धप्पा खटल्यात १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा मुलांनाही आईबापांच्या वाट्याला आलेल्या मालमत्तेत हक्क आहे. दुसरे नाव आदिवासी घरातल्या मुलीचे. बालाघाटच्या बैहर भागात गोंड आणि बैगा समाज आहे. अनुसूचित जमातींना हिंदू उत्तराधिकार कायदा लागू नाही. तिथे रूढी चालते, आणि रूढीच्या नावाखाली मुलींना बाहेर ठेवले जाई. शेजारच्या छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलीला वारसा नाकारणारी रूढी कोणी सिद्ध केली नसेल, तर तिला नुसते बाई म्हणून वगळता येणार नाही.

घरी बसून करण्याचे काम

कायदा बदलायला अनेक दशके लागली. वंशावळ लिहायला एक दुपार पुरते. घरातली वडीलधारी माणसे हयात असतानाच एका कागदावर तीन पिढ्यांची नावे उतरवावीत. मुलगे, मुली, लहानपणी न गेलेली सर्व भावंडे, वारलेल्यांची मुले, सारे. मुलींची माहेरची आणि सासरची दोन्ही नावे, सध्याचे पत्ते, आणि शक्य असेल तर मृत्यूच्या तारखा लिहाव्यात. जमीन दोन राज्यांत असेल तर प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे, गट किंवा खसरा नंबर आणि गाव त्याखाली लिहावे. हीच एक यादी दोन्हीकडच्या कचेऱ्यांत द्यावी, एक नाव कमी नाही की जास्त नाही.

त्या कागदाची एक झेरॉक्स उताऱ्याच्या पिशवीत ठेवावी आणि एक लेकीकडे पाठवावी. आपले नाव त्यात आहे एवढे तिने पाहिले, तरी पुढच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.